वाळवंटाच्या काठचे पेंग्विन : पेरूच्या किनाऱ्यावर पाच दिवस

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनांची काचेमागची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात. ऑगस्टमध्ये लिमाच्या रस्त्यावर हवा साधारण तेवढीच असते, आणि त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. २०१६च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून मुंबईला आणलेले ते आठ पक्षी हम्बोल्ट जातीचे होते. या जातीचा बर्फाशी काही संबंध नाही. तिचं घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे, जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांच्या अगदी कडेला. ते घर बघायचं, एवढ्यासाठीच ही सहल आखली होती.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला. पेरूत या पेंग्विनांची अंडी वर्षातून दोनदा दिसतात : एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. जानेवारी-फेब्रुवारीत पिसं झडतात. तेव्हा दोन-तीन आठवडे ते पाण्यात उतरत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर गर्दी दिसते. पण पक्षी उपाशी आणि मलूल असतात. २८ जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन असतो. त्या आठवड्यात अख्खी लिमा समुद्राकडे धावते, तो टाळावा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते दूतावासाकडूनच तपासून घ्यावेत. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असला तर काम बरंच सोपं होतं.

दिवस पहिला : लिमा ते पाराकास

लिमाच्या हिवाळी आभाळाला तिथले लोक ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. रंग अगदी तोच, मळकट करडा. गारुआ नावाचं धुकं इतकं बारीक पडतं की छत्री उघडावी असं वाटत नाही, पण तासाभरात चष्मा पुसावा लागतो. रस्ते ओले, झाडं धुळीने माखलेली. धूळ धुऊन निघेल इतकं पाणी पडतच नाही.

पाराकास दक्षिणेला सुमारे २६० किलोमीटरवर आहे, बसने चार तास. बसमध्ये उजवीकडची खिडकी घ्यावी, समुद्र त्या बाजूला असतो. डावीकडे नुसती वाळू आणि मध्येच कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. उजवीकडे फेसाळ पाणी आणि त्यावर एका रांगेत उडणारे पेलिकन. कोकणातला माणूस इथे थोडा गोंधळतो. समुद्र इतका जवळ असताना एक माड नाही, गवताची काडी नाही.

या गोंधळाचं उत्तर पाण्यात आहे. किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. ते येताना तळाचं पोषण घेऊन येतं. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर अँचोवेता नावाचा बोटभर मासा. आपली मांदेली याच कुळातली. हेच गार पाणी वरची हवाही गार करतं. गार हवा जड, ती खालीच बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि ढगांना उंच वाढायला जागा राहत नाही. पूर्वेकडून येणारा ओलावा अँडीज अडवतो. सह्याद्रीमुळे माण-खटावचं जे होतं तेच, पण कितीतरी पटींनी. पेंग्विनाला पोसणारं आणि किनाऱ्याचं वाळवंट करणारं पाणी एकच. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०२मध्ये इथल्या पाण्याचं तापमान मोजलं. त्याचं नाव प्रवाहाला मिळालं आणि प्रवाहावरून पक्ष्याला.

पाराकास जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. अँचोवेता सुकवून, दळून त्याची भुकटी करणारे कारखाने इथे आहेत. ती जगभर कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जाते. पेंग्विन आणि कारखाना दोघांचा घास एकच.

मुक्काम एल चाको या बंदराच्या वस्तीत करावा. पेंग्विन असलेल्या बायेस्तास बेटांकडे जाणाऱ्या नौका इथूनच सुटतात. दुपारी तीनला वारा सुटला. ‘पाराकास’ या शब्दाचा अर्थच वाळूचा पाऊस असा सांगतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे त्याचे जोराचे महिने. अशा वेळी उघड्यावर कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये. डोळ्यांना बाजूने झाकणारा गॉगल हवा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी जुना चष्मा सोबत ठेवावा.

दिवस दुसरा : बंदर बंद

सकाळी सातला धक्क्यावर गेलो तर तिकीट-खिडकीवर फलक : बंदर बंद. समुद्र वरवर शांत दिसत होता. पण दूरवरच्या वादळाच्या लाटा इथवर पोचतात, त्या लांब आणि संथ असतात. धक्क्यावरून कळत नाहीत, बेटांच्या खडकांपाशी मात्र नौका उचलून आपटतात. बंदर-अधिकाऱ्यांनी बंदी घातली की कोणीच निघत नाही. हिवाळ्यात असं अधूनमधून होतं. म्हणून पाराकासला एकाच रात्रीचा मुक्काम ठेवणं चूक आहे. लिमाहून पहाटे निघून रात्री परत नेणाऱ्या सहली मिळतात. बंदर बंद निघालं तर त्यांचा पेंग्विन हुकतो तो हुकतोच.

तो दिवस पाराकास राष्ट्रीय राखीव क्षेत्रात घालवला. १९७५मध्ये राखीव झालेलं हे क्षेत्र ३ लाख ३५ हजार हेक्टरांचं आहे आणि त्यातला मोठा हिस्सा पाण्याखाली आहे. सायकली भाड्याने मिळतात. पण दुपारी परतताना वारा समोरून येतो, म्हणून बाराच्या आत परत येता येईल एवढंच अंतर धरावं. नाहीतर टॅक्सी ठरवलेली बरी.

वस्तुसंग्रहालय आधी बघावं. हुलिओ तेय्यो या पुरातत्त्वज्ञाने १९२०च्या दशकात या वाळूतून दफनं उकरली. त्यातलं भरतकाम दोन हजार वर्षांचं आहे आणि त्याचे रंग अजून ताजे वाटतात. कोरड्या हवेने कापड राखलं. याच कोरड्या हवेने आणखी एक गोष्ट राखली, ती म्हणजे ग्वानो, समुद्रपक्ष्यांची साठलेली विष्ठा. पाऊस असता तर तिच्यातला नत्र वाहून गेला असता. इथे थरावर थर चढत गेला आणि पेंग्विनाने त्यातच बीळ कोरलं. वाळू ढासळते, खडक फुटत नाही. वाळलेला ग्वानो मात्र पंजाने कोरता येतो आणि कोरल्यावर टिकतो. पेंग्विनाच्या दृष्टीने तो आपल्याकडच्या जांभ्यासारखा.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला खाडीच्या चिखलात रोहित पक्षी होते, साधारण शंभरभर. हे चिलियन रोहित. ठाण्याच्या खाडीत येतात ते वेगळ्या जातींचे. यांचे पाय करडे आणि सांधा तेवढा गुलाबी. आखलेल्या वाटेवरूनच बघावं, चिखलात उतरू देत नाहीत. ‘ला कातेद्राल’ ही समुद्रातली प्रसिद्ध कमान १५ ऑगस्ट २००७च्या भूकंपात कोसळली. आता तिथे एक सुळका उरलाय. लाल वाळूची प्लाया रोखा मात्र बघण्यासारखीच आहे : मागे पिवळे कडे, पायाशी विटकरी वाळू, पुढे हिरवट पाणी.

जेवण लागुनियास या मच्छीमार वाडीत. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाचं सेविचे, सोबत उकडलेलं रताळं, टपोऱ्या दाण्यांचा मका आणि खारे भाजलेले मक्याचे दाणे. चुलीपाशी बसलेल्या आजी मासा लिंबात घालून ताटली लगेच पुढे करत होत्या. फार वेळ मुरला तर मासा ‘शिजतो’ आणि चामट होतो, असं त्यांचं म्हणणं. आणि सेविचे दुपारीच खायचं, रात्री नाही. शाकाहारी माणसाची लागुनियासला पंचाईत होते, भात आणि बटाट्यापलीकडे काही मिळत नाही. एल चाकोत तेवढं कठीण नाही. पापा आ ला वांकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर मिरची-चीजचा पिवळा रस. ताकू ताकू म्हणजे कालचा भात आणि घेवड्याचे दाणे एकत्र परतून केलेला जाड थर. मात्र ‘मांस नको’ म्हटल्यावर कोंबडी आणि मासे चालतील असं समजतात, ते वेगळं सांगावं लागतं. चिफा, म्हणजे पेरूचं चिनी हॉटेल, गावोगाव असतं आणि तिथे भाज्यांचा भात नक्की मिळतो.

दिवस तिसरा : बायेस्तास बेटं

सकाळी आठला बंदर उघडलं. पहिलीच नौका घ्यावी, वारा सुटायच्या आधी पाणी शांत असतं. तिकिटाखेरीज धक्क्याचं आणि राखीव क्षेत्राचं शुल्क वेगळं भरावं लागतं, त्यासाठी सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ असावेत. बसायचं डावीकडे. अर्ध्या वाटेवर डोंगरउतारावर कोरलेला, सुमारे १८० मीटर उंचीचा कांदेलाब्रो, म्हणजे दीपवृक्षासारखी भलीमोठी आकृती, त्याच बाजूला दिसतो. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, नौकेत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि टोपी हवीच. ती उन्हासाठी नाही, बेटावर डोक्यावरून हजारो पक्षी जात असतात.

बेटांवर उतरायला मनाई आहे. दोन तासांच्या फेरीतला निम्मा वेळ बेटांभोवती मिळतो. वास आधी येतो, अमोनियाचा, नाकात झोंबणारा. मग आवाज. ग्वानाय नावाचे पाणकावळे माथ्यावर इतके दाटीने बसतात की जमीन काळी वाटते. त्यांच्या खाली पिकेरो नावाचे समुद्रपक्षी, कडेकपारीत पांढऱ्या मिशांचे इंका सुरय, खडकांवर सी-लायन. या सगळ्यात पेंग्विन शोधायचा असतो आणि बहुतेक प्रवाशांना तो दाखवल्याशिवाय दिसत नाही.

कारण सोपं आहे. खडक ग्वानोने पांढरा, पेंग्विनाचं पोट पांढरं. म्हणून पोट शोधू नये, पाठ शोधावी. पाण्यापासून थोड्या उंचीवरचे सपाट कंगोरे नजरेने चाळत जावं. त्यांच्यामागे काळी भेग किंवा गुहेचं तोंड असेल तर तिथेच थांबावं. ताठ उभा, मान आखूड, छातीवर एकच काळा पट्टा. मॅगेलॅनिक पेंग्विनाला असे दोन पट्टे असतात. चोचीच्या बुडाशी गुलाबी, केस नसलेली कातडी. पट्टाच नसेल आणि डोकं राखाडी असेल तर ते या-मागच्या वर्षीचं पिल्लू समजावं. दुर्बीण ८ पटीची पुरे. हलत्या नौकेत १२ पटीची हातात स्थिर राहत नाही. फोटोला ३०० मिलिमीटरची लेन्स आणि हजाराच्या पुढचा शटर-वेग.

ती गुलाबी कातडी म्हणजे पक्ष्याची खिडकी. थंड पाण्यासाठी अंगावर दाट पिसं आणि खाली चरबी, आणि जमिनीवर ऊन. मग रक्त चेहऱ्याकडे आणि वल्ह्यांसारख्या पंखांच्या आतल्या बाजूकडे वळतं आणि तिथून उष्णता बाहेर जाते. दुपारी उन्हात उभा असलेला पक्षी पंख अंगापासून फाकवून, चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसतो. धुकं असलेल्या सकाळी तीच कातडी फिकट असते.

नावाडी पन्नाशीचा, मूळचा सान आंद्रेसच्या मच्छीमार घरातला. तो पेंग्विन म्हणत नव्हता. ‘पाहारो निन्यो’ म्हणायचा, म्हणजे पोर-पक्षी. लहान मूल तोल सावरत चालतं तसा चालतो म्हणून. त्याने इंजिन बंद केलं आणि भेगेच्या आतून आवाज आला, गाढवाच्या ओरडण्यासारखा, आत श्वास घेत आणि बाहेर सोडत. आत जोडी आहे, तो म्हणाला. त्या सकाळी मोजून सतरा पेंग्विन दिसले. दिवसा एवढेच दिसायचे. जोडीतला एक अंड्यांवर असतो, दुसरा समुद्रात. अंडी दोन, ती साधारण ४० दिवस उबवायची, पाळीपाळीने.

एका बेटावर लाकडी धक्का आणि राखणदाराचं घर आहे. आजही काही वर्षांच्या अंतराने ग्वानो काढतात, यंत्राविना, कुदळ आणि झाडूने. चाळून ५० किलोच्या पोत्यांत भरतात. कामगार बहुतेक डोंगराळ भागातून येतात. समोर उत्तरेला चिंचा बेटं आहेत. १९व्या शतकात तिथे ग्वानोचे थर काही ठिकाणी ५० मीटरपर्यंत जाड होते. १८४० नंतरच्या चाळीसेक वर्षांत पेरूने एक कोटी टनांहून जास्त ग्वानो युरोप-अमेरिकेच्या शेतांसाठी विकला आणि बेटं खडकापर्यंत खरवडली. खोदणारे बरेचसे करारावर आणलेले चिनी मजूर होते. त्यांचे हाल वाचवत नाहीत. गावोगावच्या चिफा हॉटेलांची सुरुवात त्या काळात आलेल्या चिनी लोकांपासून होते.

पेंग्विनाचं घर तेव्हाच गेलं. बीळ कोरायला थर उरला नाही, तेव्हा तो समुद्रगुहांत, दगडांच्या फटीत आणि उघड्या पुळणीवर अंडी घालू लागला. पुळणीवरचं घरटं मोठ्या लाटेत वाहून जातं, उघड्यावरची अंडी कुरव आणि गिधाडं नेतात, ऊन लागतं ते वेगळंच. १९०९मध्ये पेरूने ग्वानोसाठी सरकारी कंपनी काढली आणि पक्ष्यांना त्रास देण्यावर बंदी आली. ती खतासाठी होती, पण तिच्या आडोशाने पेंग्विन तगले. २००९मध्ये ग्वानोची २२ बेटं व बेटसमूह आणि ११ भूशिरं मिळून राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं.

परतताना वाळूवर एक मेलेला पेलिकन दिसला. २०२२च्या अखेरीस आलेल्या बर्ड फ्लूने या किनाऱ्यावर लाखो पक्षी आणि हजारो सी-लायन मारले. मेलेल्या किंवा लुळ्या पक्ष्याला हात लावू नये, राखीव क्षेत्राच्या माणसाला जागा सांगावी.

दिवस चौथा : नास्काकडे

पाराकासहून इका आणि पुढे नास्का, साडेतीन-चार तास. अर्ध्या दिवसाचा प्रवास, सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

पेंग्विनांसाठी येणाऱ्याने एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. पेरूतली सर्वांत मोठी वसाहत मार्कोनाजवळच्या पुंता सान हुआन या ५४ हेक्टरांच्या भूशिरावर आहे. जमिनीकडून कोल्हे आणि माणसं येऊ नयेत म्हणून त्याच्या मानेवर आडवी भिंत बांधली आहे. ती ग्वानोच्या पक्ष्यांसाठी घातली, पेंग्विनांनाही पावली. आत संशोधक वर्षानुवर्षं काम करतात आणि ग्वानो काढतानाही लक्ष ठेवून असतात. पर्यटकांना प्रवेश नाही. भिंतीबाहेरून काही दिसत नाही, म्हणून तिथे दिवस घालवू नये.

ही मनाई योग्यच आहे. चिलीत अंड्यांवर बसलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा १५० मीटरवरून माणूस नुसता चालत गेला तरी ठोके वाढले आणि पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागला. बाहेरून पक्षी स्थिर दिसतो, आपल्याला वाटतं त्याला सवय झाली. नौकेतही नावाड्याला ‘अजून जवळ घे’ म्हणू नये.

दिवस पाचवा : सान फर्नांदो

पर्याय आहे तो सान फर्नांदो राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा. सेर्नांप या सरकारी खात्याची परवानगी आधी काढावी लागते, नास्कातले गाडीवाले ती मिळवून देतात. फोर बाय फोरशिवाय जाऊ नये. वाळूत चाकांतली हवा कमी करतात आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरतात, म्हणून गाडीत पंप आहे ना ते निघण्याआधी बघावं. माणशी तीन लिटर पाणी, दिवसभराचं खाणं, कचऱ्याची पिशवी. फोनला रेंज नाही, सावली नाही, शौचालय नाही. धुक्यातही कातडी भाजते, कानांना विसरू नये.

डांबरी रस्ता सुटला की तासभर फक्त वाळू. मग टेकड्यांवर धुक्याच्या ओलाव्यावर तगलेली पुसट हिरवळ आणि तिच्यात ग्वानाको, उंटाच्या कुळातला जंगली प्राणी. अँडीजमधला कॉन्डोर गिधाड इथे थेट समुद्रावर उतरतो, सी-लायनांच्या मेलेल्या पिल्लांवर आणि वारेवर जगायला.

कड्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. कड्याच्या टोकाशी उभं राहायचं नाही. आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती खालून स्पष्ट दिसते. मागे सरकून, पोटावर झोपून बघावं. वाऱ्याने दुर्बीण हलते, कोपर टेकवायला पिशवी घ्यावी.

सोबतचा वनरक्षक मार्कोनाचाच. १९८२-८३च्या एल निन्योबद्दल त्याने वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं : पाणी कोमट झालं, अँचोवेता खोल आणि दक्षिणेला गेला, आणि ज्या वाळूवर कधी पाऊस पडत नाही तिथे बिळांत पाणी शिरलं. त्या एका वर्षात पेरूतले निम्म्याहून जास्त पेंग्विन गेले. १९९७-९८मध्ये पुन्हा मोठा फटका बसला. अन्न दूर गेलं की समुद्रावर गेलेला जोडीदार वेळेवर परतत नाही. अंड्यांवरचा उपाशी राहतो, शेवटी उठतो आणि अंडी सोडून निघून जातो. हम्बोल्टच्या बहुतेक बुड्या ३० मीटरच्या आतल्या असतात, त्यामुळे मासा खोल गेला की तो त्याच्या आवाक्याबाहेरच. किनाऱ्यालगत लावलेल्या गिल जाळ्यांत अडकून बुडतात ते वेगळे. आज जगात अंडी घालण्याच्या वयाचे सुमारे २४ हजार हम्बोल्ट उरलेत.

दुपारभर खाली फारशी हालचाल नव्हती. तीन पक्षी गुहेच्या तोंडाशी, पंख फाकवून. घाई करून दोनला परत फिरणारे इथेच चुकतात. समुद्रावर गेलेले दुपार उतरल्यावर परततात. गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवावं की साडेचारपर्यंत थांबायचं आहे, मात्र अंधाराच्या आत डांबरी रस्ता गाठायचा. ऑगस्टमध्ये सहाला सूर्य मावळतो आणि धुक्यात चाकांच्या खुणा दिसत नाहीत.

चारच्या सुमाराला लाटांच्या पलीकडे काळे ठिपके जमले. एकत्र तरंगत थांबले, बराच वेळ. मग एक लाट पुढे आली आणि पहिला खडकावर उभा राहिला. त्याने अंग झटकलं, वर पाहिलं आणि चढायला लागला. त्यांची वाट ठरलेली आहे, खडकावर पंजांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. साडेचारपर्यंत एकोणीस जण वर आले. एक गुहेच्या तोंडाशी थांबला, ओरडला आणि आतून उत्तर आलं. तेवढ्यात धुकं कड्यावर चढलं आणि खालचं सगळं दिसेनासं झालं. गाडीपर्यंत चालत जाताना ओरडणं ऐकू येत होतं.